रुजूचा जिज्ञासांक

त्रिशला मगदूमला कशावरही चटकन विश्वास ठेवायची सवय नव्हती. इचलकरंजीत नवऱ्याच्या यंत्रमागाच्या कारखान्यात मेंडिंग खातं ती सांभाळायची. विणून आलेल्या कापडातले दोष शोधायचे आणि दुरुस्त करून घ्यायचे, हे त्या खात्याचं काम. उजेडाच्या टेबलावरून कापड सरकत जायचं आणि तुटलेली तार, सुटलेला धागा तिच्या नजरेतून सुटायचा नाही. तिथवर सगळं ठीक होतं. पण ती नजर घरी येताना कारखान्यात ठेवून यायला त्रिशला विसरायची. दूधवाला, पाव्हणेरावळे, औषधाच्या बाटलीवरची तारीख, सगळ्यांनाच त्या टेबलावरून जावं लागे. तिचा नवरा सुकुमार म्हणायचा, हिला देवळात तीर्थ दिलं तरी आधी वास घेऊन बघेल.

त्यामुळं ‘विश्वांगण’ शाळेच्या पालकसभेला ती गेली तेव्हा शेवटच्या रांगेत, पर्स मांडीवर घट्ट धरून बसली. हातकणंगल्याच्या रस्त्याला ही आंतरराष्ट्रीय शाळा नवी निघाली होती आणि गावातल्या निम्म्या सूतवाल्यांची पोरं तिथं जाऊ लागली होती. शाळेच्या समन्वयक कित्तूर मॅडम बेळगावच्या. बोलणं गोड आणि सावकाश. त्यांनी अभ्यासक्रम समजावून सांगायला घेतला. इथं पाठ्यपुस्तक नाही. एक मोठा प्रश्न घ्यायचा, उदाहरणार्थ पाणी नेमकं कुणाच्या मालकीचं, आणि काही आठवडे गणित, इतिहास, भाषा, विज्ञान सगळं त्या प्रश्नाभोवती फिरवायचं. प्राथमिक टप्पा, मधला टप्पा आणि शेवटी पदविका. सगळ्या जगात हाच क्रम, त्यामुळं मूल उद्या कुठल्याही देशात गेलं तरी त्याचं अडणार नाही.

पालकांच्या शंका ठरलेल्या होत्या. एकानं विचारलं, पुस्तक नाही तर आम्ही घरी अभ्यास कसला घ्यायचा? दुसऱ्यानं विचारलं, मार्क नाहीत तर पहिला नंबर कसा काढणार? तिसऱ्याला परत स्टेट बोर्डात जायचं झालं तर काय, याची काळजी होती. कित्तूर मॅडम हसल्या. बरोबर उत्तर आता कुणाच्याही खिशातलं यंत्र देतं, त्या म्हणाल्या, म्हणून जगातल्या मोठ्या विद्यापीठांनी उत्तरांना भाव द्यायचं सोडून दिलंय. मुलाला प्रश्न पडतो का, एवढंच ती बघतात. आणि प्रश्न पडतो की नाही हे आता मोजता येतं.

एवढं बोलून त्यांनी एक चष्मा वर धरला.

दिसायला साधा, काळ्या काडीचा चष्मा. आतल्या बाजूला डोळ्यातल्या बाहुलीवर नजर ठेवणारा बारीक कॅमेरा होता. बाहुली अंधारात मोठी होते हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. पण मेंदूच्या बुंध्याशी एक निळसर ठिपका असतो, पेशींचा इवलासा पुंजका. एखाद्या गोष्टीनं मन खेचून घेतलं की तो ठिपका जागा होतो आणि उजेड तेवढाच असूनही बाहुली किंचित रुंदावते. ते आपल्याला दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतं. उजेडाचा हिशेब वजा केला की उरतं ते मनाचं कुतूहल.

इथं मात्र एक अडचण होती आणि ती कित्तूर मॅडमनी स्वतःहून सांगितली. बाहुली भीतीनंही रुंदावते. म्हणून चष्म्याच्या काडीत, कानामागं टेकणारा नाडीमापक बसवला होता. माणूस कुतूहलानं एखादी गोष्ट बघायला लागला की त्याचं हृदय क्षणभर मंदावतं. घाबरला की धावतं. बाहुली मोठी आणि हृदय मंद, म्हणजे जिज्ञासा. बाहुली मोठी आणि हृदय वेगात, म्हणजे भीती, ती मोजायची नाही. दिवसभराची गोळाबेरीज करून संध्याकाळी पालकांच्या फोनवर शंभरापैकी आकडा येणार होता. त्याचं नाव जिज्ञासांक.

“म्हणजे मार्कच की,” त्रिशला सुकुमारच्या कानात पुटपुटली.

सुकुमारनं तिला गप्प केलं आणि त्याच आठवड्यात रुजुताचं, म्हणजे त्यांच्या रुजूचं, नाव घालून टाकलं.

रुजू तेव्हा अकरा वर्षांची होती. पोर शांत. मनात काय चाललंय त्याचा पत्ता लागू द्यायची नाही. पहिले काही महिने तिचा जिज्ञासांक चाळिशीच्या आसपास घुटमळत राहिला. संध्याकाळी फोन वाजला की त्रिशला आधी आकडा बघायची आणि मग रुजूकडं बघायची. बोलायची काहीच नाही. मुलांना बोलू नये, त्यांच्यावर दडपण येतं, असं कित्तूर मॅडमनी बजावलं होतं आणि त्रिशला ते कसोशीनं पाळत होती.

आता परीक्षाच नाही म्हटल्यावर त्या परीक्षेचा क्लास कसा निघेल, असं कुणालाही वाटेल. ज्याला वाटेल त्यानं इचलकरंजी पाहिलेली नाही. वर्ष उलटायच्या आत जनता चौकात पाटी लागली, ‘कुंभोजे सरांचे जिज्ञासा क्लासेस’. कुंभोजे सर पूर्वी दहावीचं गणित घ्यायचे. दहावीच्या गुणांना कुणी विचारेनासं झालं तसं त्यांनी दुकान बदललं, गिऱ्हाईक तेच ठेवलं. पडद्यावर अचानक काहीतरी अनोळखी यायचं, एखादा किडा, एखादं यंत्र, एखादी लिपी, आणि समोरच्या मुलानं लगोलग प्रश्न विचारायचा. नाही सुचला तर उभं राहायचं. त्याआधी आणि त्यानंतर दीर्घ श्वसन. श्वास भरकन घ्यायचा आणि सोडताना सावकाश, लांबवत सोडायचा. यानं एकाग्रता वाढते, सर म्हणायचे. पालकांनीही मागच्या बाकांवर बसून श्वसन करायचं, म्हणजे घरी सराव घेता येतो. त्रिशला महिनोन् महिने तिथं बसून श्वास सोडत राहिली.

आणि आकडा चढला. आधी साठ, मग पंचाहत्तर, दिवाळीनंतर नव्वदीच्या घरात. सुकुमारनं कारखान्यात कामगारांना जिलबी वाटली. भेटेल त्याला फोन काढून दाखवू लागला. दुसऱ्या कुठल्याही आईच्या अंगावर मूठभर मांस चढलं असतं. त्रिशलाच्या मनात पाल चुकचुकली.

कारण घरातली रुजू तिला दिसत होती. ही पोरगी ताटात काय वाढलंय हेसुद्धा विचारायची नाही. शेजारच्या घरी पोलीस आले तेव्हा सगळी आळी गच्चीवर लोटली, ही आत बसून पेन्सिलीला टोक करत होती. आणि हिचा जिज्ञासांक चौऱ्याण्णव? मालात कुठंतरी खोट होती, फक्त ती सापडत नव्हती.

तिचा पहिला संशय शाळेवर गेला. आकडे फुगवून पालकांना खूश ठेवायचं, हा त्यांचा धंदा असणार. पण मग जैनापुरे वकिलांच्या मुलाला तीस कसे पडले? वकिलाला कोण दुखवेल? मग तिला वाटलं, रुजूच काहीतरी लबाडी करते. ती झोपलेली असताना त्रिशलानं चष्मा उलटापालटा करून पाहिला, काडी हुंगून पाहिली. चौऱ्याण्णव आले त्या संध्याकाळी तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं, आज शाळेत काय काय दाखवलं? रुजूनं बराच वेळ आठवून पाहिलं. ज्वालामुखीचं काहीतरी होतं, म्हणाली. काय होतं? ते तिला सांगता येईना. हे त्रिशलाच्या डोक्यात राहिलं. कित्तूर मॅडमच तर सभेत म्हणाल्या होत्या की कुतूहलानं पाहिलेली गोष्ट मेंदू घट्ट धरून ठेवतो, म्हणून तर या पद्धतीत पाठांतर लागत नाही.

सुकुमारला तिनं हे सांगितलं तेव्हा तो वैतागला.

“तुला चांगलं झालेलंपण बघवत नाही,” तो म्हणाला. “पोरगी पुढं चाललीय, तर तू तिच्यातच खोट शोधतीस.”

तेवढ्यात शाळेकडून निरोप आला. आंबा घाटाजवळ विश्वांगणचं निवासी केंद्र होतं. जिज्ञासांक सातत्यानं वर असलेल्या मुलांना मधल्या टप्प्यापासून पदविकेपर्यंत तिथं ठेवून घेत. तिथली मुलं पुढं थेट परदेशी विद्यापीठांत जातात, असा लौकिक होता. चष्मा तिथं उठल्यापासून निजेपर्यंत. यंदा या शाखेतून एकच जागा होती आणि ती रुजूला मिळाली होती. पालकांचा होकार तेवढा बाकी होता आणि तो शाळेच्या पालक-अनुभव दिवशी द्यायचा होता. म्हणजे खोट शोधायला त्रिशलाजवळ फारसे दिवस उरले नव्हते. आकडा खोटा असेल तर तिची पोर सहा वर्षं डोंगरात जाऊन कशाच्या आधारावर टिकणार होती?

पालक-अनुभव दिवस म्हणजे आपलं मूल काय करतं ते पालकांनी स्वतः करून बघायचं. शाळेच्या सभागृहात पुढं मुलं आणि मागं पालक बसले होते. चष्मा लावून बघायला कोण येतंय, असं कित्तूर मॅडमनी विचारलं आणि सुकुमारनं हौसेनं त्रिशलाला पुढं ढकललं. ती व्यासपीठावर गेली. पडद्यावर चित्रं येऊ लागली, समोर सगळं गाव बसलेलं. आपला आकडा वीस-पंचवीस आला तर हे सगळे काय म्हणतील, नव्वदीच्या पोरीची आई अशी? पहिल्याच रांगेत रुजू बसली होती. त्रिशला घाबरून गेली. आणि महिनोन् महिन्यांच्या सवयीनं, तिच्या नकळत, तिनं श्वास भरकन घेतला आणि सावकाश, लांबवत सोडला. मग परत एकदा.

“त्र्याण्णव!” कित्तूर मॅडम म्हणाल्या. “रुजुता कुणावर गेलीय ते आज कळलं.”

टाळ्या वाजल्या. त्रिशला व्यासपीठावरून उतरता उतरता आठवून बघत होती, पडद्यावर काय काय आलं होतं? काहीतरी निळं होतं. बाकी एकही चित्र तिला आठवेना.

जागेवर येऊन बसेपर्यंत सगळं तिच्या ध्यानात आलं होतं. ती जन्मात कधी भ्यायली नव्हती एवढी त्या व्यासपीठावर भ्यायली होती. भीतीनं बाहुली रुंदावली, लांब श्वासानं हृदय मंदावलं, आणि यंत्रानं त्याला जिज्ञासा म्हटलं. यंत्र खोटं बोललं नव्हतं. त्याला फसवायचं कसं ते कुंभोजे सरांच्या क्लासनं सगळ्या गावाला शिकवून ठेवलं होतं. सरांना ते ठाऊक होतं की आंधळ्यानं मारलेला खडा लागला, देव जाणे. आणि रुजू रोज, सकाळपासून संध्याकाळपर्यंत, चौऱ्याण्णवइतकी भ्यायलेली होती.

सुकुमार चहापाण्याच्या गर्दीत अभिनंदन घ्यायला गेला. त्रिशला रुजूचा हात धरून तडक कित्तूर मॅडमच्या खोलीत गेली. तिनं सगळं सांगितलं, घाईनं, क्रम चुकवत, अधेमधे अडखळत. कित्तूर मॅडमनी हसून उडवून लावलं नाही, हे तिच्या अपेक्षेबाहेरचं होतं. त्यांनी रुजूच्या आणि कुंभोजे सरांकडं जाणाऱ्या आणखी काही मुलांच्या नाडीच्या रेघा पडद्यावर एकाखाली एक लावल्या. सगळ्या रेघा एकाच ठेक्यात, क्लासातल्या त्या लांब श्वासाच्या ठेक्यात, वरखाली होत होत्या.

“हे मी वर कळवते,” मॅडम म्हणाल्या. “पण ते काही ठरवेपर्यंत आकडा हाच धरला जाईल. माझ्या हातात तेवढंच आहे. तुमचा होकार किंवा नकार मला आजच लागेल.”

“मग नकार,” त्रिशला म्हणाली. “माझी पोर एवढी घाबरलेली असताना मी तिला डोंगरात पाठवू होय?”

“मला जायचंय,” रुजू म्हणाली.

कित्तूर मॅडमनी सवयीनं पडद्याकडं पाहिलं. रुजूच्या नावापुढं हिरवा दिवा होता, म्हणजे जिज्ञासा. आता त्या हिरव्या दिव्याचा अर्थ काय घ्यायचा, हे त्यांनाही कळेना. रुजू हौसेनं बोलतेय की धास्तीनं? त्रिशलानं चष्मा काढायला सांगितला आणि मॅडमना म्हणाली, आम्हा दोघींना जरा बसू द्या. मॅडम बाहेर गेल्या आणि दार ओढून घेतलं.

त्रिशला पोरीसमोर खुर्ची ओढून बसली. पोर कुणाला भितेय ते आपल्याला कळलेलं आहे, अशी तिची खात्री होती.

“कुंभोजे सर उभं करतात, त्याची भीती वाटती ना तुला? उद्यापासून क्लास बंद. आणि तिकडंही जायला नको.”

“सरांना कोण घाबरतंय,” रुजू म्हणाली. “ते सगळ्यांनाच उभं करतात. आम्हाला हसायला येतं.”

“मग कुणाला?”

रुजू चष्म्याची काडी उघडत-मिटत राहिली.

“संध्याकाळी आकडा आला की तू बघतीस ना माझ्याकडं,” ती म्हणाली, “ते. आधी कमी आला म्हणून बघायचीस. आता जास्त येतो, तरी बघतीस. शाळेत नवीन काही दाखवलं की मला आधी तेच दिसतं, तू बघताना.”

मी तुला कधी एक शब्द तरी बोलले का, हे त्रिशलाच्या ओठांवर आलं होतं. ते तिनं गिळलं. तुझ्या भल्यासाठीच बघत होते, हेही आलं होतं. तेही गिळलं. तिला लाज वाटली, आणि लाजेहून जास्त वाईट वाटलं. सगळ्या जगावर तिनं संशय घेतला होता, शाळेवर, यंत्रावर, कुंभोजेवर, पोटच्या पोरीवर. स्वतःवर घ्यायचं तेवढं तिला कधी सुचलं नव्हतं.

“आणि तिकडं?” तिनं विचारलं.

“तिकडं आकडा घरी रोज कळवत नाहीत. सहा महिन्यांनी एकदाच कळवतात. मी विचारून घेतलंय.”

पोरीनं स्वतःहून, कुणी न शिकवता, एवढी चौकशी केली होती. त्रिशलाला क्षणभर बरं वाटलं आणि लगेच पुढचा हिशेब तिच्यापुढं उभा राहिला. तिकडं रुजूची भीती जाईल. भीती गेली की बाहुली रुंदावणार नाही. आकडा पडेल, आणि आकडा पडलेल्या मुलाला केंद्र ठेवून घेत नाही. तिला वाटलं हे पोरीला सांगायला हवं, फसवून पाठवायचं नाही. तिनं जमेल तसं समजावून सांगितलं.

“माहीत आहे,” रुजू म्हणाली. “मग परत घरी यावं लागेल.” मग म्हणाली, “तोवर तरी राहू दे.”

त्रिशला उठून खिडकीशी गेली. बाहेर सुकुमार कुणाला तरी टाळी देत होता. त्याला हे कुठल्या तोंडानं सांगायचं, हा प्रश्न तिनं नंतरवर टाकला. डोळे पुसले आणि परत येऊन बसली.

“तुझा आकडा पडला असं कळलं ना,” ती म्हणाली, “की त्या दिवशी मी कारखान्यात पेढे वाटीन.”

रुजूला ते पटलेलं दिसलं नाही. तिनं आईच्या तोंडाकडं निरखून पाहिलं.

“आणि मी परत आले की? तेव्हा बघणार नाहीस?”

“नाही बघणार. शिकते मी तोवर.”

त्रिशलानं दार उघडून कित्तूर मॅडमना आत बोलावलं आणि होकार आहे म्हणून सांगितलं. क्लासचं जे निघालं ते वर कळवाच, माझं नाव घालून कळवा, हेही सांगितलं. मॅडमनी जास्त काही न विचारता होकाराचा अंगठा घ्यायची काचेची पाटी तिच्यापुढं सरकवली. त्रिशलाचा अंगठा पाटीपर्यंत गेला, तेवढ्यात रुजू शेजारून हळूच म्हणाली, “आई, ते शिकायचा क्लास असतो काय?”

पोर खरंच विचारत होती की चेष्टा करत होती, ते त्रिशलाला कळलं नाही. कळून घ्यायला तिनं तिच्याकडं मान वळवली, आणि अर्ध्यातूनच परत घेतली. समोर पाटीवर अंगठा ठेवायची जागा उजळली होती. तिथं तिनं अंगठा ठेवला.